विक्रेत्याची थकबाकी खरेदीदाराच्या माथी का?

कर खात्याची बाजू मांडणारे एक युक्तिवाद वर्षानुवर्षे करत आले आहेत. मूल्यवर्धित करात (व्हॅटमध्ये) खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे बाजाराच्या भाषेत क्रेडिट, हा व्यापाऱ्याचा हक्क नाही. ती सरकारने दिलेली सवलत आहे. सवलत म्हटली की अटी आल्या. त्यातली एक अट अशी, की विक्रेत्याने तो कर प्रत्यक्ष तिजोरीत भरलेला असला पाहिजे. जे तिजोरीत आलेच नाही, त्याची वजावट सरकारने का द्यावी? विक्रेता खरेदीदाराने स्वतः निवडला, मग त्याचे बरेवाईट त्यानेच पाहावे.

ऐकताना हे बिनतोड वाटते. व्हॅटच्या काळात ते न्यायालयात टिकले आणि जीएसटीत तर कायद्याच्या पहिल्या दिवसापासून लिहिले गेले. तरीही ते चुकीचे आहे. कर गोळा करण्याचे काम सरकारने ज्याच्यावर सोपवले, त्याने पैसे दडपले तर ते त्याच्याकडूनच वसूल झाले पाहिजेत. पावती घेऊन, बँकेतून पैसे देऊन, माल उतरवून घेतलेल्या प्रामाणिक खरेदीदाराकडून तोच कर दुसऱ्यांदा घेणे ही वसुली नव्हे, अन्याय आहे.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर कायदा लागू झाला. त्याच्या कलम ४८(५) ने सांगितले की, त्या मालावर जेवढा कर प्रत्यक्ष सरकारी तिजोरीत भरला गेला असेल, तेवढ्यापुरतीच वजावट मिळेल. या कलमाला महालक्ष्मी कॉटन जिनिंग या प्रकरणात आव्हान दिले गेले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. मात्र त्या सुनावणीत राज्य सरकारनेही काही गोष्टी कबूल केल्या होत्या. कर बुडवणाऱ्या विक्रेत्यांवर खाते वसुलीची कारवाई करील, त्यांची माहिती संकेतस्थळावर टाकील आणि त्यांच्याकडून रक्कम वसूल झाली तर वजावट नाकारलेल्या खरेदीदारांना परतावा देईल. म्हणजे खरा देणेकरी विक्रेताच आहे, हे सरकारलाही मान्य होते. निकालाचा उल्लेख करताना खाते पहिला भाग नेमाने सांगते. हा दुसरा भागही तितक्याच नेमाने सांगायला हवा.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हीच अट केंद्रीय कायद्याच्या कलम १६(२)(क) मध्ये बसली. तिच्या जोडीला याच कलमात आणखी एक अट आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. खरेदीदाराने बिलाची रक्कम, करासकट, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत विक्रेत्याला दिली नाही, तर घेतलेले क्रेडिट त्याला व्याजासह परत करावे लागते. या दोन अटी शेजारीशेजारी ठेवून वाचा. एक म्हणते, कराची रक्कम विक्रेत्याच्या हातात दे, उशीर केलास तर दंडित होशील. दुसरी म्हणते, ती रक्कम विक्रेत्याने पुढे पोचवली नाही, तर तू पुन्हा भर. पैसे स्वतःजवळ राखून ठेवावेत तर पहिली अट मोडते. देऊन टाकावेत तर दुसरीची टांगती तलवार. एकाच कलमाने माणसाला दोन्हीकडून बांधायचे आणि वर ‘काळजी घ्यायला हवी होती’ असे ऐकवायचे, याला न्याय म्हणता येत नाही.

आता ‘सवलत’ या मुद्द्याकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या व्हॅट कायद्याखालच्या जयम अँड कंपनी (२०१६) आणि एएलडी ऑटोमोटिव्ह (२०१८) या प्रकरणांत क्रेडिट ही सवलत आहे आणि तिच्या अटी पाळल्याच पाहिजेत, असे म्हटले. हे निकाल खाते प्रत्येक सुनावणीत पुढे करते. पण त्या अटी कोणत्या होत्या? पहिल्या प्रकरणात प्रश्न होता खरेदीपेक्षा कमी किमतीला माल विकल्यावर क्रेडिट किती मिळावे हा. दुसऱ्यात प्रश्न होता क्रेडिट मागण्याच्या मुदतीचा. माल किती किमतीला विकायचा आणि मागणी कधी करायची, या दोन्ही गोष्टी व्यापाऱ्याच्या हातातल्या आहेत. विक्रेत्याने दर महिन्याला आपले रिटर्न भरून पैसे जमा करणे ही गोष्ट खरेदीदाराच्या हातात नाही. ज्या अटीची पूर्तता माझ्या वागण्यावर अवलंबून आहे ती कितीही कडक असो, मी ती पाळू शकतो. जी दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून आहे ती मी कितीही प्रामाणिक असलो तरी पाळू शकत नाही. अशक्य ते करायला कायदा भाग पाडत नाही, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. सवलत म्हटल्याने ते तत्त्व गळून पडत नाही.

शिवाय मूल्यवर्धित करात क्रेडिट हे वरून दिलेले बक्षीस नव्हेच. ते त्या कराचे हृदय आहे. पूर्वीच्या विक्रीकरात करावर कर चढत जाई. ते थांबवण्यासाठी व्हॅट आणला, असे याच सरकारांनी व्यापाऱ्यांना पटवून सांगितले होते. ज्याने जेवढी भर घातली, त्याने तेवढ्यावरच कर द्यायचा. क्रेडिट काढून घेतले की हा कर मूल्यवर्धित उरत नाही, तो पुन्हा उलाढालीवरचा कर होतो.

आकड्यांत पाहू. नाशिकच्या एखाद्या लोखंड व्यापाऱ्याने १० लाखांच्या सळ्या घेतल्या. १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार कर झाला. त्याने विक्रेत्याला ११ लाख ८० हजार बँकेतून दिले. माल त्याने १० लाख ६० हजारांना विकला, त्यावर १ लाख ९० हजार ८०० रुपये कर गोळा केला, क्रेडिट वजा करून १० हजार ८०० रुपये भरले. त्याने घातलेली भर ६० हजारांची आणि तिच्यावर १८ टक्के म्हणजे बरोबर १० हजार ८००. हिशेब चोख. तीन वर्षांनी नोटीस येते: विक्रेत्याने कर भरलेला नाही, क्रेडिट परत करा. १ लाख ८० हजार मूळ रक्कम, १८ टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज ९७ हजार २००, दहा टक्के दंड १८ हजार. एकूण २ लाख ९५ हजार २०० रुपये. त्या व्यवहारात दुकानाचा खर्च वजा करण्याआधीच त्याला ६० हजार सुटले होते. म्हणजे नफ्याच्या जवळजवळ पाचपट रक्कम एका अशा चुकीसाठी द्यायची, जी त्याने केलेलीच नाही.

‘विक्रेता तुम्ही निवडलात’ या मुद्द्याचे काय? माल चांगला की वाईट, भाव रास्त की जास्त, माल वेळेवर पोचेल की नाही, हे पाहून व्यापारी विक्रेता निवडतो, आणि त्याबाबत चूक झाली तर तोटाही तोच सोसतो. पण कर गोळा करण्याचा अधिकार त्या विक्रेत्याला कुणी दिला? नोंदणी नसलेल्या माणसाला कर गोळा करता येत नाही, असे जीएसटी कायद्याचे कलम ३२ सांगते. म्हणजे खरेदीदार विक्रेत्याच्या हाती कर देतो तो केवळ सरकारने त्याला नोंदणी दिली म्हणून. पॅन आणि आधार तपासून, जागेचे लाइटबिल आणि भाडेकरार बघून, गरज वाटल्यास अधिकाऱ्याने जागेवर जाऊन, मग २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षर-अंकांचा नंबर दिला जातो. हे सगळे तपासण्याचा अधिकार सरकारला आहे, खरेदीदाराला नाही. तो फार तर पोर्टलवर नंबर टाकून ‘ॲक्टिव्ह’ शब्द दिसतो का एवढे पाहू शकतो. तो शब्द सरकारने लिहिलेला असतो.

समजा, वीज कंपनीने नेमलेल्या भरणा केंद्रात एका ग्राहकाने बिल भरले आणि शिक्क्याची पावती घेतली. केंद्रचालक पैसे घेऊन पळाला. कंपनी त्या ग्राहकाला ‘केंद्र तुम्ही निवडलेत, पुन्हा भरा’ म्हणू लागली, तर आपण ते ऐकून घेऊ का? केंद्र नेमले कंपनीने, बुडवले केंद्रचालकाने, तर ग्राहकाचा हिशेब पावतीपाशी संपतो. नोंदणीकृत विक्रेता आणि खरेदीदार यांचे नाते नेमके असेच आहे.

आणि नोंदणी रद्द करण्याचे बघा. कलम २९ नुसार अधिकारी एखाद्याची नोंदणी मागील तारखेपासूनही रद्द करू शकतो. म्हणजे व्यवहाराच्या दिवशी पोर्टलवर ‘ॲक्टिव्ह’ दिसणारा विक्रेता दोन वर्षांनी ‘तेव्हाही नव्हताच’ असा ठरवला जातो, आणि त्याच्याकडून घेतलेल्या मालाचे क्रेडिट धोक्यात येते. सरकारी नोंदीवर विश्वास ठेवणे हाच जर गुन्हा ठरत असेल, तर व्यापाऱ्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

याला खात्याचे उत्तर असते: आता सगळे ऑनलाइन आहे, टू-बी (पोर्टलवरचे खरेदीच्या क्रेडिटचे विवरण) बघा, आयएमएस (बिले स्वीकारण्या-नाकारण्याची पोर्टलवरची सोय) वापरा, विक्रेत्याने बिल दाखवले की नाही ते कळते. ‘बिल दाखवणे’ आणि ‘कर भरणे’ यांतला फरक या उत्तरात पुसला जातो. विक्रेता जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये बिल दाखवतो. ते खरेदीदाराच्या टू-बीमध्ये उतरते. १ जानेवारी २०२२ पासून त्याशिवाय क्रेडिटच घेता येत नाही. पण पैसे जमा होतात ते नंतर, थ्री-बी हे कर भरण्याचे रिटर्न भरताना. विक्रेत्याने थ्री-बी भरले की नाही हे फार तर दिसते. त्यात त्याने आपल्या बिलाचा कर धरला की नाही, हे खरेदीदाराला दिसत नाही. ते दिसते फक्त खात्याला. आणि खाते ते पाहतेही: जीएसटीआर-१ आणि थ्री-बी यांत तफावत पडली की विक्रेत्याला आपोआप सूचना जाते, तशी तरतूद डिसेंबर २०२२ पासून नियम ८८सी मध्ये आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. विक्रेत्याने जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेला पण थ्री-बीमध्ये न भरलेला कर हा त्याने स्वतःच कबूल केलेला कर मानून, वेगळी कारणे-दाखवा नोटीस न काढता कलम ७९ खाली थेट वसूल करता येतो. कलम ७५(१२) चे तसे स्पष्टीकरणच १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. कलम ७६ सांगते, की कर म्हणून गोळा केलेली रक्कम ताबडतोब सरकारजमा केलीच पाहिजे. कलम ८३ खाली मालमत्ता आणि बँक खाते तात्पुरते जप्त करता येते. गोळा केलेला कर तीन महिन्यांपलीकडे दडपून ठेवणे कलम १३२ नुसार गुन्हा आहे आणि रक्कम पाच कोटींच्या वर गेली तर तो अजामीनपात्र. इतकी हत्यारे ज्याच्या हाती आहेत, ते सरकार विक्रेत्यापर्यंत पोचू शकत नाही; आणि ज्याच्या हाती एकही नाही, त्या खरेदीदाराने मात्र पोचावे, ही अपेक्षा कोणत्या तर्कात बसते? खरेदीदाराकडे दिवाणी दावा लावण्याचा मार्ग आहे, असे सांगितले जाते. गाळा बंद करून गेलेल्या माणसाविरुद्ध दोन लाखांसाठी दावा लढवण्याचा खर्च आणि वर्षे किती, हे ते सांगणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

कायद्यात कलम १४९ आहे. प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या कर भरण्याच्या शिस्तीनुसार गुणांकन द्यावे, असे ते सांगते. खरेदीदाराला विक्रेता पारखता यावा म्हणून याहून उपयोगी साधन नाही. २०१७ च्या कायद्यात लिहिलेले हे गुणांकन अजून खरेदीदाराच्या हाती आलेले नाही. पारख करायचे साधन द्यायचे नाही आणि पारख चुकली म्हणून शिक्षा मात्र द्यायची, हे चालणार नाही.

जीएसटी परिषदेलाही हे उमगले होते. ४ मे २०१८ च्या बैठकीनंतर जाहीर झाले, की विक्रेत्याने कर न भरल्यास खरेदीदाराचे क्रेडिट आपोआप उलटवले जाणार नाही. वसुली विक्रेत्याकडून होईल. विक्रेता बेपत्ता, धंदा बंद किंवा मालमत्ता अपुरी, अशा अपवादात्मक परिस्थितीतच खरेदीदाराकडे वळण्याचा पर्याय राहील. २०२१ मध्ये मद्रास आणि २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने हीच दिशा धरली: आधी विक्रेत्याकडे जा. पण डिसेंबर २०२२ मध्ये आलेला नियम ३७ए उलट सांगतो. विक्रेत्याने आर्थिक वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत थ्री-बी भरले नाही, तर खरेदीदाराने ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट परत करावे. विक्रेत्याकडे आधी जाण्याची अट त्यात नाही. परिषदेने दिलेला शब्द नियमात उतरायला हवा होता. उतरला तो त्याच्या विरुद्ध अर्थाने.

सगळ्या न्यायालयांचे मत एक नाही, हेही सांगितले पाहिजे. काही उच्च न्यायालयांनी कलम १६(२)(क) वैध मानले आहे. पण दिल्लीच्या व्हॅट कायद्यातल्या अशाच अटीचा अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मर्यादित केला आणि प्रामाणिक खरेदीदाराला ती लागू होणार नाही, असे ठरवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीच्याच शांती किरण प्रकरणात, व्यवहाराच्या वेळी विक्रेते नोंदणीकृत होते आणि बिलांबद्दल शंका नव्हती हे पाहून खरेदीदारांचे क्रेडिट कायम ठेवले. हा निकाल दिल्लीच्या जुन्या कायद्याखालचा आहे, जीएसटीचा नाही. पण त्यामागचा न्याय कायद्याच्या नावासोबत बदलत नाही. युरोपच्या न्यायालयानेही २००६ च्या किट्टेल निकालात हीच कसोटी ठेवली: फसवणूक चालू आहे हे खरेदीदाराला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, तरच क्रेडिट जाईल. आणि ज्या २०१२ साली मुंबईत कलम ४८(५) वैध ठरले, त्याच वर्षी युरोपच्या न्यायालयाने हंगेरीच्या महागेबेन प्रकरणात सांगितले, की विक्रेता कर भरतो की नाही याची चौकशी करण्याचे काम कर खात्याने सरसकट खरेदीदारावर ढकलू नये. ते खात्याचे काम आहे.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. बोगस बिलांचे काय? तो खरा आहे. व्हॅटच्या काळात महाराष्ट्राच्या विक्रीकर खात्याला संशयित हवाला व्यापाऱ्यांच्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागल्या. माल न हलवता कागदावर बिले फिरवणारे, त्यांवर क्रेडिट घेऊन कर चुकवणारे होते आणि आहेत. त्यांच्याबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. त्यांच्यामुळेच सरळ धंदा करणारा माणूस संशयाच्या छायेत आला. म्हणूनच व्यवहार खरा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी खरेदीदारावर असावी, हे मी मान्य करतो. २०२३ मध्ये कर्नाटकच्या एकॉम गिल कॉफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसते बिल आणि चेक पुरेसे नाहीत, माल प्रत्यक्ष आला हे दाखवा, असे म्हटले. ते रास्तच आहे. ई-वे बिल, बिल्टी, काट्याची पावती, स्टॉकची नोंद, बँकेचा उतारा, हे सगळे मागा. ज्याच्याकडे नाही त्याचे क्रेडिट काढा, संगनमत दिसले तर खटला भरा. पण ज्याने हे सगळे टेबलावर मांडले, त्याला ‘तरीही विक्रेत्याने भरले नाही’ म्हणून त्याच तराजूत तोलू नका. बोगस बिलवाला आणि प्रामाणिक खरेदीदार यांच्यात फरक करणे कठीण आहे म्हणून दोघांनाही सारखीच शिक्षा, हे प्रशासनाच्या सोयीचे असेल. कायद्याच्या राज्याला शोभणारे नाही.

या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा फटका छोट्यांना बसतो, ही बाब कर खात्याच्या समर्थकांच्या गणितात येतच नाही. मोठ्या कंपन्या सावध झाल्या आहेत. टू-बीमध्ये बिल दिसेपर्यंत कराची रक्कम अडकवून ठेवायची, नव्याने नोंदणी केलेल्याकडून माल घ्यायचा नाही, तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्या छोट्या पुरवठादाराला ‘दर महिन्याला बिल अपलोड कर, नाहीतर दुसरा बघतो’ असे सांगायचे. इचलकरंजीत नवा यंत्रमाग टाकणारा किंवा भोसरीत एका लेथवर सुरुवात करणारा तरुण नोंदणी करतो ती मोठ्या गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळावे आणि काम मिळावे म्हणून. पण नवा आहे एवढ्याच कारणाने त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. खरेदीदाराला दुसऱ्याच्या थकबाकीची भीती घातली, की तो ओळखीच्या आणि मोठ्यांकडेच जातो. आम्ही लोकांना नोंदणीकडे आणतो, असे सरकार म्हणते. हा नियम नोंदणी केलेल्याचेच दार बंद करतो.

तिजोरीचे पैसे बुडू नयेत, ही चिंता खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहेत. सरकारला ते ठाऊक नाहीत असेही नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून भंगार धातूच्या व्यापारात त्याने तेच केले: नोंदणी नसलेल्याकडून भंगार घेतले तर कर खरेदीदारानेच थेट भरायचा, नोंदणीकृताकडून घेतले तर दोन टक्के कापून सरकारजमा करायचे. जिथे बुडवेगिरी जास्त, तिथे विक्रेत्याच्या हातात पैसे जाऊच द्यायचे नाहीत, हा सरळ मार्ग आहे. पोलंडने १ नोव्हेंबर २०१९ पासून ठरावीक मालासाठी कराची रक्कम वेगळ्या खात्यात जमा करण्याची सक्ती केली. यूपीआय उभे करणाऱ्या आपल्या देशाला, खरेदीदाराने एका बटनात कर थेट विक्रेत्याच्या सरकारी कॅश लेजरमध्ये भरावा, ही सोय करणे अवघड नाही. मग ‘विक्रेत्याने भरला नाही’ हा प्रश्नच उरणार नाही.

तोवर तीन गोष्टी कायद्यात हव्यात. कलम १६(२)(क) मध्ये असे लिहा, की व्यवहार खरा असल्याचे आणि पैसे दिल्याचे सिद्ध करणाऱ्या, फसवणुकीची माहिती नसलेल्या खरेदीदाराला ही अट लागू नाही. खरेदीदाराला नोटीस काढण्याआधी विक्रेत्याविरुद्ध कलम ७९ खाली काय केले, हे त्या नोटिशीतच लिहिणे बंधनकारक करा. आणि मागील तारखेने नोंदणी रद्द झाली, तरी त्या काळात सद्भावनेने झालेल्या खरेदीला तिचा उपद्रव होणार नाही, हे स्पष्ट करा. यात बुडव्याला एक पैसाही माफ होत नाही. होते ते एवढेच, की ज्याने घेतले त्याच्याकडे मागितले जाईल.

कर भरण्याची शिस्त भीतीतून तात्पुरती येते आणि विश्वासातून कायमची. मी माझ्या वाटणीचे केले तर सरकार माझ्या वाटेला जाणार नाही, ही खात्री प्रामाणिक व्यापाऱ्याला मिळाली पाहिजे. ती खात्री देणे ही मेहेरबानी नव्हे. ज्या राज्याने त्याला कर गोळा करायला लावला, त्या राज्याचे ते पहिले कर्तव्य आहे.